दोन दौतींचा साहेब

कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभा राहिला, की बोनस, महागाई भत्ता आणि किमान वेतन यांखेरीज तो दुसरे काय सांगणार, असे श्रोत्यांना वाटणे साहजिक आहे. या विषयांवर आम्ही वर्षभर कारखान्यांच्या फाटकांपुढे बोलतच असतो. आज केदारखेड्याच्या या वसंतातील मेळाव्यात आम्ही निराळीच कथा सांगणार आहोत. ती एका साहेबाची आहे. त्याच्या टेबलावर जणू दोन दौती होत्या. एका दौतीतील शाईने तो सरकारसाठी गुन्हेगारांच्या जबान्या आणि गुप्त खलिते लिही, आणि दुसरीतील शाईने त्याच माणसांच्या कादंबऱ्या लिही. हा साहेब दूरदेशीचा नव्हे. त्याची सारी हयात आपल्या जुन्या निजामी मुलखात, औरंगाबाद, तुळजापूर, नळदुर्ग, बुलढाणा अशा ओळखीच्या गावांत गेली. त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर.

हेर आणि कादंबरीकार एकाच देहात नांदतात, ही गोष्ट जगात काही नवी नाही. इंग्रज लेखक सॉमरसेट मॉम हा पहिल्या महायुद्धात ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या कामावर स्वित्झर्लंडात व पुढे १९१७ साली रशियात होता. त्या अनुभवावरून त्याने १९२८ साली ‘अ‍ॅशेंडेन’ नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. ग्रॅहॅम ग्रीन दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेतील फ्रीटाऊन येथे त्याच कामावर होता. डेव्हिड कॉर्नवेल नावाचा एक अधिकारी खात्यात नोकरीवर असतानाच लिहू लागला. अशा अधिकाऱ्याने स्वतःच्या नावाने पुस्तक छापावयाचे नाही असा दंडक असल्यामुळे १९६१ साली त्याची पहिली कादंबरी जॉन ल कारे या टोपणनावाने निघाली. पुढे जगाने त्याचे खरे नाव विसरून टोपणनावच लक्षात ठेवले. आपल्या देशातही हा प्रश्न जिवंत आहे. गुप्तवार्ता खात्यांतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याने खात्याच्या कामासंबंधी पूर्वपरवानगीवाचून काही प्रसिद्ध करू नये, केल्यास पेन्शनवर गदा येईल, अशी दुरुस्ती केंद्र सरकारने २०२१ साली पेन्शनच्या नियमांत केली. सरकारला लेखणीची एवढी धास्ती का वाटावी? ज्याला लोकांचे ऐकून घेण्याचा पगार मिळतो, तो माणूस ऐकलेले सर्वच काही सरकारच्या कपाटात ठेवील अशी खात्री कोणालाच देता येत नाही, म्हणून.

मेडोज टेलर या सर्वांच्या फार आधीचा. त्याचा जन्म १८०८ सालचा, इंग्लंडातील लिव्हरपूलचा. घरची सुस्थिती बिघडली म्हणून पंधरा वर्षांच्या या पोराला मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे कारकुनीसाठी पाठवून दिले. इथे येऊन पाहतो तो व्यापाऱ्याचीच दुकानदारी डबघाईला आलेली. अखेर एका नातलगाच्या वशिल्याने १८२४ साली त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळाली. विलायतेहून पोटासाठी बाहेर पडलेला हा पोरगा एका अर्थी आपल्याकडच्या ऊसतोडीला किंवा पुण्यामुंबईला जाणाऱ्या पोरांसारखाच स्थलांतरित. फरक एवढाच, की याच्या हातात हुकूम आला आणि आमच्या पोरांच्या हातात कोयता येतो.

कॉलेजचे तोंड त्याने कधी पाहिले नाही. आम्हांलाही तो योग आला नाही, त्यामुळे या एका बाबतीत आम्हांला त्याच्याविषयी आपलेपणा वाटतो. छावणीत राहून त्याने मराठी व हिंदुस्थानी या भाषा मन लावून आत्मसात केल्या. याचे फळ त्याला लौकर मिळाले. वयाची विशी उलटण्यापूर्वीच निजामाच्या राज्यातील नैर्ऋत्येकडच्या जिल्ह्यांचा साहाय्यक पोलीस सुपरिंटेंडेंट म्हणून त्याची नेमणूक झाली, आणि तुळजापूर हे त्याचे ठाणे झाले. भवानीच्या यात्रेला येणारे वारकरी, गोंधळी, व्यापारी, लमाणांचे तांडे, पेंढारीपणातून बेकार झालेले शिपाई, सर्व प्रकारची माणसे या ठाण्यावरून जात-येत. आपला साहेब दुभाष्याशिवाय त्यांचे बोलणे ऐके. वाटेवर मुडदे सापडतात, मारणारे सापडत नाहीत, हे त्याच्या ध्यानी येऊ लागले होते. पण चौकशीचा धागा हाती लागतो न लागतो तोच त्याला पलटणीत परत बोलावण्यात आले. आपल्याला तेथे राहू दिले असते तर ठगांचा छडा आपणच प्रथम लावला असता, ही चुटपुट त्याला जन्मभर राहिली. ते श्रेय पुढे उत्तरेकडे स्लीमनच्या पदरात पडले.

आता ठगांचा बंदोबस्त कसा झाला, हे थोडे समजावून घेतले पाहिजे, कारण आमच्या विषयाची मेख तेथेच आहे. गुन्हा रानात घडे, प्रेत पुरले जाई, फिर्यादी कोणी उरतच नसे. साक्षीदारावाचून खटला कसा उभा राहणार? स्लीमनने यावर तोड काढली ती माफीच्या साक्षीदाराची. पकडलेल्या एकाला म्हणावयाचे, तू आपल्या सोबत्यांची नावे सांग, प्रेते पुरल्या जागा दाखव, म्हणजे तुझा गळा फासातून सुटेल. त्याने दहा नावे सांगितली, की त्या दहांतील दोघे पुन्हा माफीचे साक्षीदार. अशी जबानीतून जबानी आणि नावातून नाव निघत जाई. त्यांच्या वंशावळी मांडल्या गेल्या, त्यांच्या सांकेतिक बोलीचा कोश १८३६ साली छापला गेला. त्याच वर्षी कंपनी सरकारने कायदा केला, की अमुक एक खून केला हे सिद्ध होण्याची गरज नाही, इसम ठगांच्या टोळीतला होता एवढे सिद्ध झाले तरी त्याला जन्मठेप देता येईल. माफीचे साक्षीदार सुटले असेही नाही. त्यांना जबलपूरला ठेवून घेतले, आणि तेथल्या कारखान्यात ते तंबू शिवीत व गालिचे विणीत बसले. कामगार चळवळीतील माणसाला या शेवटच्या गोष्टीची नोंद घ्यावीशी वाटते, ती आम्ही घेतली.

ठगांसाठी उघडलेले हे खाते ठग संपल्यावर बंद झाले असे कोणास वाटेल. तसे झाले नाही. ते ठगी व डकैती खाते म्हणून चालूच राहिले. १८८७ साली त्याच्याच आश्रयाने राजकीय माहिती गोळा करणारी एक विशेष शाखा निघाली. १९०४ साली जुने खाते मोडून केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता खाते स्थापन झाले. आजचा दिल्लीतील गुप्तवार्ता विभाग आपला जन्म त्या १८८७ सालापासूनच मोजतो. तेव्हा रानातल्या फाशीगरांच्या जबान्या उतरून घेण्याच्या कामातून देशभर कान ठेवणारी यंत्रणा उभी राहिली, ही केवळ कल्पना नव्हे, ती कागदोपत्री परंपरा आहे.

१८३२ च्या सुमारास हैदराबादेकडे ही चौकशी सुरू झाली तेव्हा भाषा जाणणारा म्हणून टेलर या कामात आला. दिवसेंदिवस तो समोर बसलेल्या माणसाच्या तोंडून खुनांच्या हकीकती ऐके आणि उतरून घेई. सरकारला त्यातले काय पाहिजे होते? नाव, बापाचे नाव, गाव, तारीख, जागा, सोबती. पण बोलणारा माणूस एवढेच बोलून थांबत नाही. तो आपल्या बापाची आठवण काढतो, सावजाच्या अंगावरचे दागिने वर्णितो, एखाद्या मुलाला मारले त्याचे वाईट वाटते म्हणतो, आपल्या कसबाचा दिमाखही मिरवितो. हे सारे सरकारी कागदाच्या दृष्टीने निरुपयोगी, गाळीव. हे गाळीव टेलरने दुसऱ्या दौतीत भरले. रजेवर विलायतेला गेला असताना १८३९ साली त्याने ‘एका ठगाची जबानी’ या अर्थाच्या नावाची तीन भागांची कादंबरी प्रसिद्ध केली. तिचा नायक अमीर अली. कादंबरीत तो साहेबासमोर बसून स्वतःच आपली कथा सांगतो, आणि ७१९ माणसे मारल्याचा हिशेब देतो. ज्या इस्माईलला तो बाप म्हणतो त्यानेच त्याच्या खऱ्या आईबापांना मारले होते, आणि पुढे नकळत अमीर अलीच्या हातून स्वतःच्या सख्ख्या बहिणीचा गळा आवळला जातो. पुस्तक विलायतेत हातोहात खपले. तरुण राणी व्हिक्टोरियाने छापखान्यातून निघणारे तावच मागवून वाचले, अशी त्या काळची वार्ता आहे.

या पुस्तकाने दोन गोष्टी केल्या, आणि त्या परस्परांच्या उलट आहेत. सरकारी यादीत जो केवळ एक आकडा होता, त्याला पुस्तकाने चेहरा दिला, बालपण दिले, प्रेम दिले, पश्चात्ताप दिला. वाचकाला खुन्याच्या शेजारी बसून त्याचे ऐकावे लागले. ही साहित्याची शक्ती होय, आणि ती आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याच पुस्तकाने ‘ठग’ हा शब्द इंग्रज वाचकांच्या डोक्यात कायमचा ठोकून बसविला. हिंदुस्थानात वंशपरंपरेने खून करणाऱ्या, देवीच्या आज्ञेने गळे आवळणाऱ्या जमाती आहेत, ही समजूत कथेच्या गोडीने पक्की झाली. वाटमारी होत होती, प्रवासी मारले जात होते, हे खरे आहे. पण ती धर्माने बांधलेली एकच देशव्यापी बिरादरी होती काय, की दुष्काळाने आणि मोडलेल्या फौजांनी रस्त्यावर आणलेली निरनिराळी माणसे होती, याविषयी आजचे अनेक इतिहासकार शंका घेतात. शंकेचे कारण उघड आहे. सारा पुरावा जबान्यांचा, आणि जबानी देणाऱ्याचा जीव जबानी ऐकणाऱ्याच्या मुठीत.

या समजुतीची किंमत कोणी मोजली? १८७१ साली सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्माला आलेले पोरही गुन्हेगार ठरविणारा तो कायदा. आपल्याकडचे पारधी, कैकाडी, टकारी, भामटे अशा कित्येकांना पुढील काळात त्याचा फास बसला. सोलापुरास तारेच्या कुंपणाच्या आत त्यांची वसाहत होती, आणि तेथून त्यांना गिरण्यांत कामावर नेत. हजेरी गिरणीतही आणि कुंपणातही. हा कायदा देशभर रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, स्वातंत्र्य मिळाल्यानंतर पाच वर्षांनी. एकट्या टेलरच्या कादंबरीने हा कायदा आणला असे आम्ही म्हणत नाही. पण कायद्याला आधी एक गोष्ट लागते, लोकांना पटलेली गोष्ट. ती पुरविणाऱ्यांत आमचा साहेब होता.

आता साहेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर तो अन्याय होईल. तो मुलखाशी बेइमान नव्हता. हैदराबादच्या विल्यम पामर या सावकाराची मुलगी मेरी हिच्याशी त्याने १८३२ साली लग्न केले. पामर घराण्यात हिंदुस्थानी रक्त होते आणि ते लपविण्याचे त्याला कारण वाटले नाही. १८५३ साली निजामाने कर्जापोटी वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रांत कंपनीकडे सोपविले, तेव्हा नळदुर्गास राहून त्याने त्या भागाचा कारभार पाहिला, रस्ते आखले, जमिनीची मोजणी केली. १८६३ साली त्याने ‘तारा’ ही कादंबरी लिहिली. तिची नायिका तुळजापूरच्या ब्राह्मणाची बालविधवा मुलगी, आणि काळ १६५७ चा, अफजलखानाच्या स्वारीच्या आसपासचा. त्यापुढे शंभर शंभर वर्षांच्या अंतराने १७५७ आणि १८५७ या काळांवर आणखी दोन कादंबऱ्या लिहून त्याने मालिका पुरी केली. तुळजापूरच्या घाटपायऱ्या, देवळातील गर्दी, नळदुर्गचे पाणी, हे सर्व विलायतेतील वाचकाने प्रथम पाहिले ते याच्या डोळ्यांनी.

आणि तरीही दोन दौतींचा हिशेब शेवटी कोठे तरी भागवावा लागतोच. १८४० पासून १८५३ पर्यंत तो लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राचा बातमीदारही होता. त्या काळी बातमीदाराचे नाव छापण्याचा रिवाज नव्हता. म्हणजे दरबारात बसणारा राजकीय अधिकारी तोच, वरिष्ठांना गुप्त खलिता लिहिणारा तोच, आणि लंडनच्या वाचकांना बिननावाने हिंदुस्थान समजावून सांगणाराही तोच. याच काळात सुरापूर नावाच्या बेरड राजाच्या संस्थानाचा कारभार त्याच्याकडे होता. हे संस्थान आज कर्नाटकात आहे. राजा व्यंकटप्पा नाईक तेव्हा लहान मूल होते. त्याला टेलरने वाढविले, शिकविले. मुलगा त्याला ‘आप्पा’ म्हणे.

१८५७ साल उजाडले. टेलरला आपल्या भोकरदन तालुक्याला लागून असलेल्या बुलढाण्यास पाठविण्यात आले. फौज देता येत नाही, जमेल तसा तग धरा, असा वरिष्ठांचा निरोप होता, आणि त्याने फौजेवाचून तो मुलूख शांत ठेवला. इकडे १८५८ च्या प्रारंभी तरुण व्यंकटप्पा इंग्रजांविरुद्ध उठला. त्याचा पराभव झाला, तो हैदराबादेकडे निसटला व पकडला गेला. या बंडामागे आणखी कोण कोण होते, हे सरकारला हवे होते. ती नावे काढण्यास योग्य माणूस कोण? ज्याला कैदी ‘आप्पा’ म्हणतो तो. टेलर कोठडीत गेला. पोराने त्याला मिठी मारली. आप्पाने नावे विचारली. पोराने सांगितले, की नावे मी देणार नाही, भ्याडाप्रमाणे दुसऱ्याच्या मेहेरबानीवर जगणे मला नको, आणि मारायचेच असेल तर फाशी न देता तोफेच्या तोंडी द्या. पुढे फाशीची शिक्षा कमी होत चार वर्षांच्या कैदेवर आली. पण मद्रासेजवळच्या चेंगलपट्टूकडे नेत असताना वाटेतच पिस्तुलाच्या गोळीने त्याचा अंत झाला.

श्रोतेहो, सबंध आयुष्य ज्याने जबान्या घेतल्या त्याला त्याच्याच मुलासारख्या पोराने जबानी नाकारली. ही गोष्ट आपल्याला कशी कळली? ती टेलरनेच लिहून ठेवली म्हणून. टेलर १८७६ साली वारला, आणि १८७७ साली त्याचे आत्मचरित्र त्याच्या मुलीने प्रसिद्ध केले, त्यात हा प्रसंग आहे. पुढे सावरकरांनी सत्तावन्नच्या स्वातंत्र्यसमरावरील आपल्या ग्रंथात तो साहेबाच्याच पुस्तकावरून घेतला, आणि तो ग्रंथ इंग्रज सरकारने १९०९ साली प्रसिद्ध होण्यापूर्वीच जप्त ठरविला. सरकारी दौतीतून हा प्रसंग उतरला असता तर ‘कैद्याने माहिती देण्याचे नाकारले’ एवढीच ओळ उरली असती. दुसऱ्या दौतीमुळे त्या पोराचा ताठ कणा आपल्यापर्यंत पोचला. म्हणून दोन दौतींच्या माणसाला सरसकट दगड मारता येत नाही, आणि त्याच्या गळ्यात हारही घालता येत नाही.

हा विषय आम्हांला का सुचला, हे आता सांगितले पाहिजे. आमच्या धंद्यात कान देणारा माणूस नवा नाही. फाटकसभेत साध्या वेषातला एक जण पानठेल्याच्या आडोशाला वही घेऊन उभा असतोच. आमचे जुने कार्यकर्ते त्याला हाक मारून म्हणत, भाऊ, जवळ या, नीट ऐकू येईल, आणि आकडे चुकवू नका. यात थट्टा होती, पण शहाणपणही होते. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपानंतर २० मार्च १९२९ रोजी डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे यांच्यासह देशभरातील कामगार पुढारी मीरत कटाच्या खटल्यात पकडले गेले. खटला जवळजवळ चार वर्षे चालला, आणि पोलिसांच्या लघुलेखकांनी उतरून घेतलेली कामगारसभांतील भाषणे पुरावा म्हणून कोर्टापुढे आली. आज चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्या विद्वानांना त्याच पोलिसी टिपणांचा आधार घ्यावा लागतो, कारण आमच्यापैकी फार थोड्यांनी स्वतःचे काही लिहून ठेवले. आमचे शब्द आमच्या कपाटात नाहीत, ते त्यांच्या कपाटात आहेत. याहून मोठी नामुष्की ती कोणती?

तेव्हा अशा पुस्तकांशी, मग ते टेलरचे असो वा ल कारेचे, वाचकाने कसे वागावे? आमच्या अल्पमतीप्रमाणे तीन प्रश्न विचारावेत. पहिला, ही हकीकत सांगणारा मोकळा होता की त्याच्या गळ्याशी दोर होता? दुसरा, सांगितल्याबद्दल त्याला काय मिळाले, आणि न सांगता तर त्याचे काय झाले असते? तिसरा, लिहिणाऱ्याने कोणते सांगितले आणि कोणते गाळले? हे प्रश्न विचारून वाचले तर कादंबरीची गोडी कमी होत नाही, उलट वाढते. चौकशी समितीचा अहवाल, मालकाच्या वकिलाने लिहून आणलेला कबुलीजबाब, वर्तमानपत्रातील ‘विश्वसनीय सूत्रांनी’ दिलेली बातमी, यांनाही हेच प्रश्न लागू पडतात. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, हे आम्ही कामगारांना सांगतो त्याचाही अर्थ हाच.

आणि शेवटचा उपाय म्हणजे स्वतःची दौत. ज्यांच्यावर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला गेला, त्यांच्याच घरातून पुढे लेखक निघाले. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले, ते कैकाडी समाजातून. लक्ष्मण गायकवाड हे आपल्या मराठवाड्यातील, लातूरकडचे. तेथल्या सूतगिरणीत ते कामगार म्हणून राबले आणि कामगारांच्या संघटनेत पडले. त्यांचे ‘उचल्या’ १९८७ साली प्रसिद्ध झाले व त्यास १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दीडशे वर्षांपूर्वी साहेबासमोर उकिडवा बसून जो माणूस बोलत होता, तोच येथे टेबलापाशी बसून स्वतः लिहितो आहे. येथे माफीचे आमिष नाही, नावे काढून घेणारा कोणी नाही, आणि काय गाळावे हे ठरविणाराही तोच आहे.

गावोगावच्या वाचनालयांच्या चालकांना आमची एक विनंती आहे. टेलरची कादंबरी मिळाली तर जरूर घ्या, ती टाकाऊ नाही. पण कपाटात ठेवताना तिच्या शेजारी ‘उचल्या’ ठेवा, आणि वाचकाने एक मागितले तर दोन्ही हातात द्या.